‘काय पाह्यलं, बाई?’

सकाळी साडेसातच्या सुमारास मी वावरातून परत येते तेव्हा ओसरीतल्या बाजेवर उशीला टेकून बसलेले मामाजी दाराकडे डोळे लावून असतात. मी हौदाजवळ पायांचा चिखल धुते, चप्पल भिंतीला उलटी टेकवून ठेवते, डोक्याचा दुपट्टा सोडते आणि त्यांच्या बाजेजवळच्या पाटावर बसते. मग ते विचारतात, “काय पाह्यलं, बाई?” आजारपणाचे आणि माहेरी गेल्याचे मोजके दिवस सोडले तर गेली चार वर्षे हा प्रश्न रोज विचारला गेला आहे आणि मला रोज त्याचे उत्तर द्यावे लागले आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना असेच म्हणतात. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला आहे. सहा एकर काळी जमीन, एक विहीर, एक बैलजोडी, कपाशी आणि तिच्यात तुरीचे तास, म्हणजे ओळी, एवढा आमचा पसारा. एकोणीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहत होते की मामाजी रोज उजाडताच वावरात जातात, चारही बाजूंच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक पूर्ण फेरी मारतात आणि परत येऊन चहा पितात. त्या फेरीत त्यांच्या हाती विळा नसे की खांद्यावर पावडे नसे. काम करायला ते नंतर पुन्हा जात. ही पहिली फेरी कशासाठी आहे हे मला कळत नसे, आणि खरे सांगायचे तर, ती म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाची एक सवय आहे असेच मी धरून चालले होते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या पंधरवड्यात त्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा तीनेक महिन्यांनी थोडी थोडी परत आली. माझे पती कापसाच्या जिनिंग कारखान्यात नोकरीला असल्यामुळे सकाळी लवकर निघतात, त्यामुळे वावराची फेरी माझ्याकडे आली. बोलता येऊ लागल्यावर पहिल्या दिवशी मी परत आले तेव्हा त्यांनी विचारले आणि मी म्हणाले, “सगळं बरोबर आहे, मामाजी.” त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटले, समाधान झाले. आठ-दहा दिवस मी हेच उत्तर देत राहिले आणि ते रोज डोळे मिटत राहिले. मग एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने गोधडी बाजूला सारली आणि जड जिभेने विचारले, “बरोबर म्हंजे काय?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी सहा एकरांभोवती फिरून आले होते आणि त्यातली एकही गोष्ट सांगू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून ते नेमके विचारू लागले. विहिरीच्या दगडी बांधकामाचे किती थर उघडे पडले आहेत? नाल्याकडच्या तासातली तूर पिवळी पडते आहे का? धवळा बैल बसून रवंथ करत होता की नुसता उभा होता? दव होते का, आणि असेल तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानावर होते की फक्त गवतावर? मी ते प्रश्न पाठ करून वावरात जाई आणि तेवढेच पाहून येई. पण परत आल्यावर ते दुसरेच काही विचारत. थर मोजून आले तर ते बोरीबद्दल विचारत, बोर पाहून आले तर टिटवीबद्दल. शेवटी माझ्या लक्षात आले की कोणता प्रश्न येईल हे ठाऊक नसेल तर सगळेच पाहणे भाग आहे. पहिल्या वर्षी हे मला ओझे वाटले, हे लपवत नाही. घरात स्वयंपाक, मुलीची शाळा, बैलांचे वैरण-पाणी, मामाजींची शुश्रूषा, आणि त्यावर ही रोजची परीक्षा.

हळूहळू वावर वेगवेगळे दिसू लागले. म्हणजे आधी जे एक हिरवे शेत होते त्याचे तास झाले, तासांची झाडे झाली, झाडांची पाने झाली. पान पिवळे आहे एवढे सांगून मामाजींचे भागत नसे. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला आहे की सगळे पानच फिकट झाले आहे, वरची कोवळी पाने आहेत की खालची जुनी, असे ते विचारत. कारण शिरा हिरव्या ठेवून कोवळे पान पिवळे पडले तर जमिनीतून लोह मिळत नाही, खालची जुनी पाने सगळीच फिकट झाली तर नत्र कमी पडले आहे, आणि तुरीचे उभे झाड अचानक मान टाकू लागले तर तो मर रोग असू शकतो. कपाशीवरचा लाल्याही मी असाच ओळखायला शिकले. पानाची कड आधी तांबूस होते आणि मग तो रंग आत सरकतो.

सर्वांत जास्त काळ मी ज्याच्याजवळ थांबते ते कपाशीचे फूल. माझे माहेर संत्र्याच्या पट्ट्यातले, म्हणून मला हे लग्नानंतरही बरीच वर्षे माहीत नव्हते की कपाशीचे फूल उमलते त्या दिवशी दुधी पांढरे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग मिटून गळते. मागे राहते ते इवलेसे हिरवे बोंड, आणि ते फुटायला तिथून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. मामाजी फुलाच्या रंगावरून तारीख सांगत. गुलाबी असेल तर काल उमलले, पांढरे असेल तर आज. आणि आज उमलले असेल तर वेचणीला कोणत्या आठवड्यात बाया सांगून ठेवायच्या हे ते बाजेवरून बोटांवर मोजत. जे फूल दोन दिवसांत संपते ते पाहायचे असेल तर त्या दोन दिवसांत तिथे असावे लागते, दुसरा इलाज नाही.

पाहण्यात जीव अडकलेला असतो हे मला डोमकळीने शिकवले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरून काढली ते आमच्या घरानेही सोसले. ज्या बीटी बियाण्यावर सगळ्यांचा भरवसा होता त्याला ती अळी दाद देईनाशी झाली होती. बाहेरून बोंड हिरवेगार, भरलेले दिसायचे आणि फोडले की आत किडलेली सरकी निघायची. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. आमच्या गावात कोणी पाठीवर पंप चढवला की त्याच्या घरची माणसे तो परत येईपर्यंत अस्वस्थ असत, हे मला आजही आठवते. एकदा बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही, त्यामुळे ती फुलात असतानाच दिसली पाहिजे. अळीने पाकळ्या आतून जाळ्याने बांधल्या की फूल उमलत नाही, ते गुलाबाच्या कळीसारखे गुंडाळलेले राहते. त्याला डोमकळी म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मी इतर गोष्टींच्या ओघात सांगून गेले की विहिरीजवळच्या तिसऱ्या तासात एक फूल नीट उघडले नव्हते, गुलाबाच्या कळीसारखे दिसत होते. मामाजींनी डाव्या हाताची मूठ बाजेच्या काठावर आपटली. “डोमकळी!” तो शब्द मी अनेकदा ऐकला होता, कृषी सहायकाने दिलेल्या कागदावर वाचलाही होता, आणि तरीही समोर उभी राहून मी ती ओळखली नव्हती. त्या दिवशी मी आणि सालदार भाऊ उन्हे चढेपर्यंत वावरात होतो. सतरा डोमकळ्या सापडल्या, त्या तोडून नष्ट केल्या, आणि एकरी दोन याप्रमाणे, अळीच्या पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावले. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा अधिक पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असे समजायचे असते, म्हणून तेव्हापासून पतंगांची मोजणीही माझ्या सकाळच्या सांगण्यात आली. त्या वर्षी आमची वेचणी बरी झाली. ती डोमकळ्या तोडल्यामुळेच झाली असे मी म्हणणार नाही, कारण पाऊसही वेळेवर उघडला होता.

माझी धाकटी बहीण पुण्याला असते. तिने इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे आणि त्यातून तिच्या चिडचिडीत फरक पडलेला मी स्वतः पाहिला आहे. तिथे जवळजवळ शिबिरभर मौन असते. ती मला म्हणाली की ताई, तू वावरात पाहतानाच सांगायचे शब्द जुळवत असशील तर तू तिथे पूर्णपणे नसतेस, तुझे अर्धे मन मामाजींच्या बाजेजवळ असते. मी यावर बरेच दिवस विचार केला, कारण ते खोटे नव्हते. नाल्याच्या काठावर उभी असताना मी खरोखरच मनात वाक्ये जुळवत असते. पण माझा अनुभव असा आहे की शब्द सापडत नाही म्हणून मी पुन्हा पाहते. बोरीवर बसलेल्या पाखराचा रंग कसा सांगू असा प्रश्न पडला नाही तर मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहणारही नाही. माझ्या एकटीसाठी मी इतके पाहिले नसते. घरी वाट पाहणारा कोणी होता म्हणून मी पाहिले.

एकदा मी खोटे सांगितले. जानेवारीतली गोष्ट आहे. मुलगी रात्रभर तापाने फणफणली होती आणि पहाटे माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा उशीर झाला होता, म्हणून मी वावरात गेलेच नाही. मामाजींनी विचारले तेव्हा मी कालचेच थोडे फिरवून सांगितले. धुके होते, तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत, बैल बसलेला होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “रात्री वारा सुटला व्हता. बोरीखाली किती बोरं पडली?” मी म्हणाले, “बरीच पडली.” ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “उद्या जाजो, बाई,” एवढेच ते म्हणाले.

मी चुलीपाशी जाऊन रडले. पोरीच्या तापाचे त्यांना सांगितले असते तर त्यांनीच मला जाऊ नको म्हटले असते. मला लाज वाटत होती ती वेगळीच. हलता न येणाऱ्या त्या माणसाला दिवसाकाठी एकच सकाळ मिळत होती आणि ती मी आणून द्यायची होती. त्या दिवशी मी त्यांना शिळी सकाळ दिली.

मागच्या वर्षी मुलीला घेऊन आम्ही पवनारला गेलो होतो. धाम नदीच्या काठावर, जिथे १९३८ साली विनोबा राहायला आले, त्या जागी बसून मी तिला सुरगावची गोष्ट सांगितली. विनोबा पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन रोज पायी सुरगावला जात आणि तिथे भंगीकाम करत. पावसाळ्यात एकदा वाटेतल्या नाल्याला पूर आला आणि पलीकडे जाणे अशक्य झाले. ते काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या माणसाला त्यांनी ओरडून सांगितले की गावातल्या देवळात जाऊन देवाला सांग, गावचा भंगी आला होता, पण पुरामुळे त्याला गावात येता आले नाही. मुलीने विचारले की काम तर झाले नाही, मग देवाला सांगायचे कशाला? मी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. मला मात्र आमच्याच वावरातला नाला आठवत होता. तो भरला की मला पलीकडच्या दोन एकरांत जाता येत नाही. मी अलीकडे उभी राहून जे दिसेल ते पाहते आणि घरी येऊन सांगते की आज नाल्यापर्यंतच गेले. अशा दिवशी मामाजी दुसरा प्रश्न विचारत नाहीत. “गेली ना? झालं मंग,” असे म्हणतात आणि त्यांचा चेहरा उजळतो.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मला टोचत राहते आणि ती बाजूला ठेवून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. कपाशी वेचायला आमच्याकडे एक मावशी दरवर्षी येते. वेचणीची मजुरी किलोवर असते. मी तिला एकदा उत्साहाने म्हणाले की मावशी, तुम्ही तर दिवसभर या झाडांतच असता, तुम्हाला किती दिसत असेल. तिने कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस दाबत उत्तर दिले, “तुमचं पाह्यनं येगळं आन आमचं येगळं, बाई. आमी किलो पाहतो.” याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याला भाड्याची, औषधाची, सावकाराच्या हप्त्याची चिंता आहे त्याला कोणी दवबिंदू पाहायला सांगू नये. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, पण दारात येणारा व्यापारी ओलाव्याचे कारण सांगून वेगळाच आकडा बोलतो, आणि आमच्या भागात किती घरांतले कर्ते पुरुष कर्जापायी जिवानिशी गेले हे मी नव्याने सांगायला नको. लक्षपूर्वक जगल्याने भाव वाढत नाही. मला एवढेच ठाऊक आहे की पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादहीच्या पूजेचा दहीभात वावरात शिंपडला जातो तेव्हा हीच मावशी ओटा बांधायच्या आधी पदर सावरून उभी राहते आणि फुटलेल्या कपाशीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहते. तिला कोणी विचारत असेल का, घरी गेल्यावर, की आज काय पाहिले? मी विचारायला हवे होते. या वर्षी विचारीन.

संध्याकाळी गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे आणि त्यांचा आश्रम मोझरीला, त्यामुळे आमच्याकडे ही प्रार्थना अनेक गावांत टिकून आहे. मामाजी पूर्वी तिथे खंजिरी घेऊन बसत. आता भोंग्यावरून येणारा आवाज ते ओसरीत ऐकतात आणि डाव्या हाताचे बोट बाजेच्या पाटीवर ठेक्यात हलवतात.

पोळा आठ दिवसांवर आला आहे. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” लकवा झाल्यापासून आम्ही बैलांना ओसरीपर्यंत आणतो आणि ते आवतण मामाजीच देतात. पहिल्या वर्षी ते वाक्य त्यांच्याने पुरे झाले नव्हते. “आवतन” एवढाच शब्द निघाला आणि धवळ्याने मान खाली घालून त्यांच्या हाताचा वास घेतला. या वर्षी ते आतापासूनच मधूनमधून ते वाक्य पुटपुटत असतात, म्हणून मला वाटते की पूर्ण होईल.

आज सकाळी नाला उतरला होता, पण काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते, म्हणून मी धुऱ्यावरूनच फेरी पूर्ण केली. परत येऊन पाटावर बसले आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकले की विहिरीचा एकही थर उघडा नाही, पाणी काठाशी आले आहे, टिटव्या रात्रीच्या पावसानंतर बांधावर सरकल्या आहेत, आणि विहिरीपलीकडच्या तासात या वर्षीचे पहिले फूल दिसले.

मामाजींचा डावा हात गोधडीवर थांबला.

“पांढरं का गुलाबी?”

मी आठवून पाहिले. धुऱ्यावरून पानांच्या आड काहीतरी फुललेले दिसले होते, ते फूल आहे हे मला कळले होते आणि त्या आनंदात मी घराकडे वळले होते. रंग मी पाहिला नव्हता. मी तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. बाजेच्या कडेला ठेवलेल्या माझ्या कपाकडे त्यांनी हनुवटीने खूण केली.

“चाहा पी आंधी. मंग जाजो.”

मी चहावर ताटली झाकली आणि भिंतीला उलटी टेकवलेली चप्पल सरळ केली.